नवी करप्रणाली निवडल्यावर निवृत्तीसाठीच्या बचतीचे काय करावे?

गोदाकाठ | २ ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. मी ३९ वर्षांचा असून नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतील एका खासगी कारखान्यात नोकरी करतो. २००९ पासून मी भविष्य निर्वाह निधीचा (पीएफ) सभासद आहे. माझा प्रश्न प्राप्तिकराचा आहे की निवृत्तीच्या तरतुदीचा, हे मलाच नीट ठरवता आलेले नाही, म्हणून दोन्ही बाजू सविस्तर मांडतो.

माझे वार्षिक सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरील एकूण खर्च, १३,८०,००० रुपये आहे. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ ७२,००० रुपये धरलेला असल्यामुळे प्रत्यक्ष एकूण वेतन १३,०८,००० रुपये होते. मूळ वेतन दरमहा ५०,००० रुपये आहे. आम्ही स्वतःच्या घरात राहतो आणि गृहकर्जाचे व्याज वर्षाला सुमारे १,६०,००० रुपये जाते. पत्नी घरी शिकवण्या घेते. तिचे वार्षिक उत्पन्न २,४०,००० रुपयांच्या आसपास आहे आणि तिला पीएफ किंवा अन्य कोणतीही निवृत्तिवेतनाची सोय नाही.

२०२३-२४ पर्यंत मी बचतीवर वजावट देणारी जुनी करप्रणाली घेत होतो. दर जानेवारीत कंपनीकडून गुंतवणुकीचे पुरावे मागवणारे पत्र यायचे, आणि त्या पत्राच्या धाकाने का होईना, पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) ४०,००० रुपये, विम्याचा हप्ता ३८,००० रुपये आणि एनपीएसमध्ये (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना) ५०,००० रुपये भरले जायचे. मागील आर्थिक वर्षी हिशेब करून मी नवी करप्रणाली स्वीकारली आणि कर खरोखरच कमी झाला. मात्र पुरावे मागणारे पत्र आलेच नाही. पीपीएफ खाते चालू राहावे एवढ्यासाठी त्यात ५०० रुपये भरले, एनपीएसमध्ये काहीच भरले नाही, आणि हे उरलेले पैसे वर्षभरात कोठे गेले, ते मला आज सांगता येत नाही. घरखर्चातच विरून गेले असावेत.

या वर्षीच्या नव्या दरांनुसार मला कर किती लागेल, पुन्हा जुन्या प्रणालीकडे वळणे हिताचे ठरेल का, आणि नव्या प्रणालीत राहायचे असल्यास निवृत्तीसाठी पैसे कोठे ठेवावेत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जमाखर्च | ३ ऑगस्ट २०२५, सकाळी ८.१५

गोदाकाठ, आपण आकडे नीट दिले आहेत, त्यामुळे मोघम सल्ला न देता प्रत्यक्ष हिशेबच मांडतो. मी पुण्यात करसल्लागार म्हणून काम करतो आणि गेल्या वर्षभरात आपल्यासारखाच प्रश्न घेऊन आलेल्या पगारदारांची संख्या मोठी आहे.

प्रथम जुनी प्रणाली पाहू. १३,०८,००० रुपयांतून ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणि २,५०० रुपयांचा व्यवसाय कर वजा केला, गृहकर्जाच्या व्याजाचे १,६०,००० रुपये, पीएफ, पीपीएफ, विमा अशा बचतीसाठी कलम ८०सी खालील पूर्ण १,५०,००० रुपये, एनपीएसचे जादा ५०,००० रुपये आणि आरोग्यविम्याचे २५,००० रुपये, असे सर्व काही वजा केले, तरी करपात्र उत्पन्न ८,७०,५०० रुपये उरते. त्यावर ८६,६०० रुपये कर आणि चार टक्के उपकर मिळून ९०,०६४ रुपये भरावे लागतील. म्हणजे सर्व वजावटी काठोकाठ वापरूनही हा आकडा येतो.

नव्या प्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी चार लाखांपर्यंत कर नाही, चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारा लाखांवर १० टक्के आणि बारा ते सोळा लाखांवर १५ टक्के कर आहे. त्याखेरीज करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असल्यास कलम ८७ए खाली ६०,००० रुपयांपर्यंतची करसवलत मिळून संपूर्ण कर माफ होतो. पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट असल्यामुळे १२,७५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर कर नाही, असे सर्वत्र लिहिले जाते, ते यामुळे. आपले करपात्र उत्पन्न १२,३३,००० रुपये येते, म्हणजे मर्यादेच्या ३३,००० रुपये वर. दरांप्रमाणे कर ६४,९५० रुपये झाला असता, परंतु अशा सीमेवरच्या करदात्यांसाठी कायद्याने दिलासा ठेवला आहे : बारा लाखांवर जेवढे उत्पन्न असेल, त्याहून अधिक कर घेतला जात नाही. त्यामुळे आपला कर ३३,००० रुपये आणि उपकर १,३२० रुपये, एकूण ३४,३२० रुपये होईल. जुन्या प्रणालीच्या तुलनेत हा निम्म्याहून कमी असल्यामुळे परत फिरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता जी गोष्ट आपल्याला कंपनीत कदाचित कोणी सांगितली नसेल, तिच्याकडे वळतो. नव्या प्रणालीत ८०सी, आरोग्यविम्याची ८०डी, एनपीएसचे जादा ५०,०००, राहत्या घराच्या कर्जाचे व्याज हे सर्व बंद झाले आहे, पण निवृत्तीच्या बचतीचे एक दार उघडे राहिले आहे. नियोक्त्याने कर्मचाऱ्याच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम, मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १४ टक्क्यांपर्यंत, कलम ८०सीसीडी(२) खाली नव्या प्रणालीतही वजा होते. खासगी नोकरीत ही मर्यादा पूर्वी १० टक्के होती, ती २०२४-२५ पासून नव्या प्रणालीपुरती १४ टक्के झाली. आपल्या बाबतीत १४ टक्के म्हणजे वर्षाला ८४,००० रुपये होतात.

आपण कंपनीला सांगून सीटीसी तेवढेच ठेवून विशेष भत्त्यातील केवळ ३३,००० रुपये एनपीएसकडे वळवले, तरी करपात्र उत्पन्न बरोबर बारा लाखांवर येईल आणि कर शून्य होईल. म्हणजे आज जे ३४,३२० रुपये करात जाणार आहेत, त्यांच्याऐवजी ३३,००० रुपये आपल्याच निवृत्तीच्या खात्यात जातील आणि हातात येणारा पगार कमी होण्याऐवजी १,३२० रुपयांनी वाढेल. बारा लाखांच्या किंचित वर असलेल्या प्रत्येक पगारदाराला हा हिशेब लागू होतो, आणि तो ठाऊक नसल्यामुळे अनेक जण विनाकारण कर भरत आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

एक अट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. ही रक्कम नियोक्त्यानेच भरलेली असली पाहिजे. वर्ष संपल्यावर विवरणपत्र भरताना स्वतः एनपीएसमध्ये पैसे टाकून या कलमाची वजावट मागता येत नाही. त्यामुळे कंपनीने एनपीएसच्या कॉर्पोरेट योजनेत नोंदणी केली आहे का, हे आजच मनुष्यबळ विभागाला विचारावे. आपले जुने खाते आणि त्याचा प्रान, म्हणजे एनपीएसचा कायम खाते क्रमांक, तोच राहतो, नवे खाते उघडण्याची गरज नाही.

सह्यकडा | ३ ऑगस्ट २०२५, दुपारी १.०५

जमाखर्च यांनी कराची बाजू उत्तम मांडली आहे. मी पीएफविषयी स्वतःचा अनुभव लिहितो, कारण मूळ प्रश्नात २००९ पासूनच्या सभासदत्वाचा उल्लेख आहे आणि ते खाते किती मोलाचे आहे, हे मला फार उशिरा कळले.

मी चाकण परिसरात नोकरी करत असताना २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये कंपनी बदलली. दोन्ही वेळा सहकाऱ्यांचे ऐकून पीएफची रक्कम नव्या कंपनीकडे वर्ग न करता काढून घेतली. दुसऱ्या वेळी हाती आलेले २,१०,००० रुपये घराच्या रंगकामात आणि दुचाकीत गेले. पाच वर्षांची सलग सेवा पूर्ण नसल्यामुळे कंपनीच्या वाट्याची रक्कम व तिच्यावरील व्याज पगाराप्रमाणे करपात्र ठरले, माझ्या वाट्यावर पूर्वी घेतलेली ८०सी ची वजावट परत गेली, आणि त्या वर्षीच्या विवरणपत्रात मला अनपेक्षितपणे मोठा कर भरावा लागला. रक्कम वर्ग केली असती, तर आधीच्या कंपनीतील सेवाही त्या पाच वर्षांत धरली गेली असती, ही साधी गोष्ट तेव्हा मला कोणी सांगितली नाही.

त्याहून मोठे नुकसान पुढचे आहे. मी २०४१ मध्ये निवृत्त होईन. तेच २,१०,००० रुपये खात्यात राहिले असते आणि सरासरी आठ टक्के व्याज मिळाले असते, तर २४ वर्षांत त्यांचे सुमारे १३,३१,००० रुपये झाले असते. शिवाय दोन्ही वेळा पीएफशी जोडलेल्या पेन्शन योजनेचे पैसेही काढून घेतल्यामुळे ती सेवा निवृत्तिवेतनाच्या गणनेतून कायमची वगळली गेली. गोदाकाठ, आपली २००९ पासूनची सेवा एकाच यूएएन (पीएफ सभासदाचा कायम क्रमांक) खाली जोडलेली आहे का, हे पासबुकात पाहून घ्या आणि जुन्या कंपनीचे खाते वेगळे पडून असेल, तर ते त्वरित वर्ग करून घ्या.

गोदाकाठ | ३ ऑगस्ट २०२५, रात्री १०.२०

जमाखर्च आणि सह्यकडा, आपण दोघांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. माझी संपूर्ण सेवा एकाच यूएएन खाली आहे, हे आज तपासले. पीएफची शिल्लक ९,४०,००० रुपये आहे.

तीन शंका उरल्या आहेत. एनपीएसमधील पैसे साठाव्या वर्षापर्यंत अडकून राहतात, असे ऐकतो. मुलगी सध्या सातवीत आहे आणि तिच्या शिक्षणासाठी पैसे लागतील, तेव्हा त्यातून काही काढता येईल का? दुसरे, पीपीएफवर आता वजावट मिळत नसेल, तर त्यात पैसे ठेवण्यात अर्थ उरतो का? आणि तिसरे, पत्नीच्या नावे काय करता येईल? घरात आज दरमहा ६०,००० रुपये खर्च होतो. गृहकर्जाचा हप्ता त्यात धरलेला नाही.

जमाखर्च | ४ ऑगस्ट २०२५, सकाळी ७.५०

गोदाकाठ, आपण शेवटच्या ओळीत घरखर्चाचा जो आकडा दिला आहे, त्यापासून सुरुवात करतो, कारण निवृत्तीचा विचार तेथूनच सुरू व्हायला हवा. आजवर बहुतेकांनी बचतीचा आकडा ८०सी च्या मर्यादेवरून ठरवला. दीड लाख भरले की कर्तव्य पुरे झाले, असे मानले जाई. पण ती मर्यादा सरकारने करवसुलीच्या दृष्टीने ठरवलेली होती, आपल्या म्हातारपणी लागणाऱ्या पैशांशी तिचा काही संबंध नव्हता. नव्या प्रणालीने ही सांगड तोडली आहे. त्यामुळे आपल्याला लागणारी रक्कम आता आपणच मोजली पाहिजे.

महागाई सरासरी सहा टक्के धरली, तर आजचा ६०,००० रुपयांचा खर्च १९ वर्षांनी, म्हणजे आपल्या ५८ व्या वर्षी, दरमहा सुमारे १,८१,००० रुपये होईल. आता दुसऱ्या बाजूला काय असेल, ते पाहू. आपल्या वेतनातून पीएफमध्ये वर्षाला ७२,००० रुपये जातात. कंपनीच्या ७२,००० पैकी १५,००० रुपये पेन्शन योजनेकडे जाऊन ५७,००० रुपये खात्यात जमा होतात. मूळ वेतन वाढलेच नाही असे धरून आठ टक्के व्याजाने हिशेब केला, तर सध्याची शिल्लक आणि पुढील जमा मिळून निवृत्तीच्या वेळी सुमारे ९४ लाख रुपये होतील. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण आजच्या किमतीत तो ३१ लाखांच्या आसपास भरतो, आणि आजच्या आपल्या खर्चाच्या मानाने ३१ लाख म्हणजे सव्वाचार वर्षांचा घरखर्च आहे. मूळ वेतन वाढत जाईल तशी ही रक्कमही वाढेल, हे खरे, तरीही केवळ पीएफवर विसंबून राहता येणार नाही, इतके त्यातून निश्चित दिसते. पेन्शन योजनेचे निवृत्तिवेतन १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर, आणि सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेसाठी ६,५०० रुपयांच्या मर्यादेवर मोजले जात असल्याने, आपल्याला ते दरमहा सात ते साडेसात हजार रुपये मिळेल, आणि महागाईबरोबर ते आपोआप वाढत नाही.

आता शंकांकडे येतो. एनपीएसमधील पैसे अडकतात, हे खरे आहे. तीन वर्षांनंतर मुलांचे शिक्षण, विवाह, घर, गंभीर आजार अशा ठरावीक कारणांसाठी काही रक्कम काढता येते, पण ती आपण स्वतः भरलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंतच, आणि नियोक्त्याने भरलेली रक्कम त्यात धरली जात नाही. आपण पूर्वी भरलेल्या ५०,००० च्या वार्षिक रकमांपैकी चतुर्थांश मिळू शकेल, मात्र कंपनीमार्फत जाणारी रक्कम मुलीच्या शिक्षणासाठी हाताशी नाही, असेच समजून चालावे. ऑगस्ट २०२५ मधील नियमांप्रमाणे साठाव्या वर्षी जमा रकमेपैकी ६० टक्के रक्कम एकरकमी आणि करमुक्त मिळत असे. उरलेल्या किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून वार्षिकी, म्हणजे तहहयात निवृत्तिवेतन, विकत घ्यावे लागे, आणि ते निवृत्तिवेतन मिळेल त्या वर्षीच्या उत्पन्नात धरून करपात्र होते. नऊ टक्के वाढ गृहीत धरली, तर दरवर्षी ८४,००० रुपये भरल्यास २१ वर्षांत सुमारे ४७,६८,००० रुपये जमतील. बाजाराशी निगडित योजना असल्यामुळे याची हमी कोणी देऊ शकत नाही. आजच्या किमतीत ही रक्कम १४ लाखांच्या आसपास भरते.

पीपीएफविषयी माझे मत स्पष्ट आहे : ते बंद करू नये. नव्या प्रणालीत भरलेल्या रकमेवर वजावट मिळत नाही, परंतु त्यावरील व्याज आणि मुदतीअंती मिळणारी रक्कम नव्या प्रणालीतही पूर्णपणे करमुक्त आहे. सध्याचा ७.१ टक्के दर आपल्याला कमी वाटेल, पण बँकेच्या मुदत ठेवीवरील व्याज करपात्र असते आणि आपण तर बारा लाखांच्या सीमेवर उभे आहात, त्यामुळे करमुक्त व्याजाचे मोल आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे. वर्षाची रक्कम एप्रिलच्या पाच तारखेच्या आत भरावी, कारण पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर व्याज मोजले जाते. याच कारणाने पीएफमध्ये स्वेच्छेने जादा वर्गणी भरण्याचाही विचार करावा. आपली स्वतःची वार्षिक वर्गणी अडीच लाख रुपयांच्या आत असेपर्यंत तिच्यावरील व्याज करमुक्त राहते, म्हणजे आपल्याला अजून १,७८,००० रुपयांची जागा आहे.

पत्नीच्या नावे वेगळे पीपीएफ खाते जरूर उघडावे. त्याला त्यांची स्वतंत्र दीड लाखांची मर्यादा असते. एरवी आपण पत्नीला दिलेल्या पैशांवरील उत्पन्न आपल्याच उत्पन्नात मिळवले जाते, म्हणून त्यांच्या नावे मुदत ठेव केली, तर तिचे व्याज आपल्या बारा लाखांच्या हिशेबात येऊन बसेल. पीपीएफचे व्याजच करमुक्त असल्याने तेथे ही अडचण येत नाही. त्यांच्या स्वतःच्या शिकवणीच्या उत्पन्नातून लहानशी रक्कम त्यांच्या एनपीएस खात्यात गेली तर उत्तमच, कारण निवृत्तीची तरतूद दोघांची स्वतंत्र असावी, असे मी प्रत्येक दांपत्याला आवर्जून सांगत असतो.

तानपुरा | ४ ऑगस्ट २०२५, सायंकाळी ५.३०

मी मिरजेला राहते. एका सहकारी बँकेतून २०२१ मध्ये निवृत्त झाले. आमच्याकडे निवृत्तिवेतन नव्हते, पीएफ आणि ग्रॅच्युइटी एवढेच मिळाले. ही चर्चा वाचल्यावर निवृत्तीनंतरची बाजू येथे मांडावीशी वाटली, कारण आपण सर्व जण अजून कमावण्याच्या वयात आहात.

निवृत्त झाल्यावर मी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख रुपये ठेवले. तेव्हा तीच कमाल मर्यादा होती आणि दर ७.४ टक्के होता. दर तिमाहीला २७,७५० रुपये व्याज मिळते. पहिल्या वर्षी त्या रकमेत माझा घरखर्च भागून थोडे उरत असे. आज चार वर्षांनी तिमाहीला २७,७५० रुपयेच मिळतात, कारण दर पाच वर्षांसाठी बांधलेला असतो, पण औषधे, वीज, घरकामाच्या बाईंचा पगार, सर्व काही वाढले आहे. आता त्या योजनेची मर्यादा ३० लाख आणि दर ८.२ टक्के झाला आहे, त्यामुळे मुदत संपल्यावर मला थोडा फायदा होईल, पण तोवर दर महिन्याला मुद्दलाला हात लावावा लागतो आणि ते करताना मन कचरते. निश्चित उत्पन्न हे सुरक्षित असले, तरी महागाईपुढे ते दरवर्षी थोडे थोडे झिजते, हे मी बँकेत तीस वर्षे ठेवी स्वीकारूनही स्वतःवर वेळ येईपर्यंत पुरते समजले नव्हते. वार्षिकीचेही तसेच असते, हे जमाखर्च यांनी लिहिलेल्या ४० टक्क्यांच्या बाबतीत ध्यानात घ्यावे. म्हणून गोदाकाठ, आपल्या हाती अजून १९ वर्षे असताना एनपीएसमधील समभागांचा वाटा फार कमी ठेवू नका, असे मला वाटते.

कराबाबत मात्र ज्येष्ठांना सध्या दिलासा आहे. व्याज आणि अन्य नियमित उत्पन्न मिळून बारा लाखांच्या आत असेल, तर नव्या प्रणालीत कर लागत नाही, आणि या एप्रिलपासून एका बँकेतील व्याज वर्षाला एक लाख रुपयांच्या वर गेल्याशिवाय ज्येष्ठांच्या व्याजातून टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जात नाही. पूर्वी ही मर्यादा ५०,००० होती.

बँकेतील सवयीने एक प्रश्न विचारते. गोदाकाठ, आपल्या स्वतःच्या नावे मुदत ठेव किंवा बचत खात्याचे व्याज काहीच नाही का? वरच्या हिशेबात ते मला कोठे दिसले नाही.

जमाखर्च | ४ ऑगस्ट २०२५, रात्री ८.४५

तानपुरा ताई, आपण अगदी योग्य जागी बोट ठेवलेत. हा प्रश्न मी पहिल्याच उत्तरात विचारायला हवा होता. बारा लाखांची मर्यादा केवळ पगाराची नसून एकूण करपात्र उत्पन्नाची आहे, आणि बचत खात्याच्या व्याजावर जुन्या प्रणालीत मिळणारी १०,००० रुपयांची वजावट नव्या प्रणालीत नाही. त्यामुळे व्याजाचा प्रत्येक रुपया त्या ३३,००० मध्ये भर घालतो. त्याचप्रमाणे समभाग किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या भांडवली नफ्यावर विशेष दराने जो कर लागतो, तो ८७ए च्या सवलतीने माफ होत नाही, हेही येथेच नमूद करतो.

गोदाकाठ | ९ ऑगस्ट २०२५, रात्री ९.१०

तानपुरा ताईंचा प्रश्न वाचून बँकेची विवरणे काढली. बचत खाते आणि एका जुन्या मुदत ठेवीचे मिळून या वर्षी सुमारे ११,००० रुपये व्याज होईल. म्हणजे मी बारा लाखांच्या ३३,००० नव्हे, तर ४४,००० रुपये वर आहे, आणि काहीच केले नाही तर उपकरासह ४५,७६० रुपये कर लागेल.

मनुष्यबळ विभागाशी बोलणे झाले. कंपनीची कॉर्पोरेट एनपीएसमध्ये नोंदणी आहे, पण आजवर व्यवस्थापक पातळीखालील कोणीच ती मागितली नव्हती, त्यामुळे तिची माहितीही कोणाला दिली गेली नव्हती. सप्टेंबरच्या पगारापासून मूळ वेतनाच्या १४ टक्के, म्हणजे दरमहा ७,००० रुपये, माझ्या खात्यात कंपनीकडून भरले जातील आणि विशेष भत्ता तेवढ्याने कमी होईल. मार्चपर्यंतच्या सात महिन्यांत ४९,००० रुपये होतात, म्हणजे करपात्र उत्पन्न ११,९५,००० रुपयांवर येईल. विभागातील आणखी चार सहकाऱ्यांचे वेतन याच सीमेवर आहे. त्यांना हा हिशेब दाखवला, तेव्हा त्यांनीही अर्ज दिले.

पत्नीने काल टपाल कार्यालयात पीपीएफ खाते उघडले. माझ्या पीपीएफमध्ये बाकीच्या महिन्यांत दरमहा ५,००० रुपये, दर एक तारखेला आपोआप जातील, अशी सूचना बँकेला दिली आहे. विम्याच्या ३८,००० रुपयांच्या हप्त्याचे काय करावे, हे मात्र अजून ठरलेले नाही. पॉलिसीला अकरा वर्षे झाली असून अजून नऊ वर्षे हप्ते भरायचे आहेत.

जमाखर्च | १० ऑगस्ट २०२५, सकाळी ८.००

गोदाकाठ, ४९,००० रुपयांमुळे व्याज थोडे वाढले तरी ५,००० रुपयांची मोकळीक राहते, त्यामुळे १४ टक्क्यांचा निर्णय योग्यच आहे. दिवाळीत बोनस किंवा जादा कामाचा मोबदला मिळणार असेल, तर तोही आधी विचारून घ्या, कारण तो या मोकळिकीपेक्षा जास्त असू शकतो. तसे झाले, तर बारा लाखांवरच्या साधारण ७०,००० रुपयांपर्यंत दिलाशाचा तोच नियम लागू राहतो. जुलैमध्ये विवरणपत्र भरण्यापूर्वी फॉर्म १६ मध्ये, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या पगार व करकपातीच्या दाखल्यात, कलम ८०सीसीडी(२) पुढे कंपनीने ४९,००० रुपये दाखवले आहेत का, हे पाहावे, कारण पहिल्या वर्षी लेखा विभागाकडून ही नोंद राहून जाण्याचे प्रकार मी पाहिले आहेत.

पॉलिसीविषयी विमा कंपनीकडून तीन आकडे लेखी मागवा : आज ती मोडली तर मिळणारी रक्कम, हप्ते थांबवून ती तशीच ठेवली तर मुदतीअंती मिळणारी रक्कम, आणि पूर्ण चालवल्यास बोनससह अपेक्षित रक्कम. तीनही हाती आल्यावर येथे द्या. पुढच्या नऊ वर्षांच्या हप्त्यांवर प्रत्यक्षात किती टक्के परतावा पडतो, ते काढून पीपीएफशी ताडून पाहता येईल. तोवर हप्ता चुकवू नका, आणि घरातील सर्वांचा मिळून मुदत विमा पुरेसा आहे का, तेही त्याच वेळी कळवा, कारण संरक्षण अपुरे असताना ही पॉलिसी मोडण्याचा सल्ला मी देणार नाही.